कॉम्प्लिमेंट प्रणाली आणि आपली प्रतिकारशक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्लिमेंट प्रणाली म्हणजे नेमकं काय?

रक्तात आणि ऊतींमधल्या द्रवात विरघळलेल्या, तसंच पेशींच्या पृष्ठभागावर बसलेल्या तीसहून अधिक प्रथिनांचा हा संच आहे. त्यातली बहुतेक यकृतात तयार होतात, पण सगळी नाहीत. सी१क्यू मुख्यतः मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी आणि त्यांच्यासारख्या पेशी बनवतात, प्रोपर्डिन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पुरवतात, आणि फॅक्टर डी तर चरबीच्या पेशींकडून येतो. यातली बरीचशी प्रथिनं एरवी निष्क्रिय अवस्थेत फिरत असतात. इशारा मिळाला की एक प्रथिन दुसऱ्याला कापतं, कापलेलं प्रथिन सक्रिय होऊन तिसऱ्याला कापतं, आणि काही मिनिटांत जंतूच्या अंगावर या प्रथिनांचा थर चढतो.

यातून तीन गोष्टी साधतात. जंतूवर खूण पडते आणि भक्षक पेशी त्याला ओळखून गिळतात. आसपासच्या पांढऱ्या पेशींना बोलावणं जातं. आणि काही जंतूंच्या आवरणाला थेट भोक पडून ते फुटतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. आधी शत्रू ओळखायचा आणि मग हल्ला करायचा, असं प्रतिकारशक्तीचं चित्र आपल्या मनात असतं. कॉम्प्लिमेंटचा एक मोठा भाग असा चालतच नाही. तो अहोरात्र, थोड्या प्रमाणात, समोर येईल त्या पृष्ठभागावर चढत असतो. आपल्या पेशी वाचतात, कारण त्याला रोखणारी प्रथिनं त्यांच्याकडे असतात. आजार, तपासण्या, औषधं यांबद्दलचे पुढचे बरेचसे प्रश्न याच मुद्द्यापाशी येऊन थांबतात.

याचा शोध कसा लागला?

१८९० च्या दशकात. रिचर्ड फायफर यांनी १८९४ मध्ये दाखवलं की, कॉलऱ्याविरुद्ध प्रतिकार तयार झालेल्या गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत सोडलेले कॉलऱ्याचे जंतू विरघळून जातात. त्यानंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या ज्यूल बोर्दे यांनी हेच काचेच्या नळीत तपासलं. ताजं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, जंतू मारत होतं. तेच सीरम सुमारे ५६ अंश सेल्सिअसला तापवलं की त्याची ताकद जायची. पण त्यात निरोगी, कधीही कॉलऱ्याचा संबंध न आलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं की ताकद परत यायची.

म्हणजे सीरममध्ये दोन वेगळे घटक होते. एक उष्णता सहन करणारा आणि ठरावीक जंतूपुरता, तो म्हणजे प्रतिपिंड, ज्याला आपण सर्रास अँटिबॉडी म्हणतो. दुसरा उष्णतेने नष्ट होणारा आणि सगळ्यांच्याच रक्तात असणारा. या दुसऱ्याला पाउल एर्लिख यांनी कॉम्प्लिमेंट म्हटलं आणि तेच नाव टिकलं. बोर्दे यांना १९१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आजही प्रयोगशाळेत सीरममधलं कॉम्प्लिमेंट निकामी करायचं असेल तर ते ५६ अंशांवर अर्धा तास ठेवतात.

नावांतले आकडे असे उलटसुलट का आहेत?

घटकांना क्रमांक मिळाले ते त्यांच्या शोधाच्या क्रमाने, कामाच्या क्रमाने नाही. म्हणून सी१ नंतर सी४, मग सी२ आणि मग सी३ असा प्रवास होतो. पुढे सी५ ते सी९ मात्र ओळीने येतात. प्रथिन कापलं गेलं की लहान तुकड्याला ए आणि मोठ्याला बी जोडतात. सी२ बाबत जुन्या-नव्या पुस्तकांत ही अक्षरं अदलाबदल झालेली दिसतील, त्याने गोंधळू नका.

ही यंत्रणा सुरू कशी होते?

तीन मार्गांनी.

पहिल्याला क्लासिकल मार्ग म्हणतात. जंतूवर अँटिबॉडी चिकटल्या की सहा डोकी असलेला सी१क्यू हा रेणू त्यांना पकडतो. आयजीएम आणि आयजीजी हे अँटिबॉडीचे दोन प्रकार. जंतूला बिलगलेला आयजीएमचा एकच रेणू यासाठी पुरतो. आयजीजीचे मात्र अनेक रेणू शेजारीशेजारी बसलेले लागतात, आणि ही अट फार महत्त्वाची आहे. रक्तात सुटं फिरणारं आयजीजी भरपूर असतं. त्यातल्या प्रत्येकाने सी१क्यूला चालना दिली असती तर रक्तातलं कॉम्प्लिमेंट जंतूविनाच संपून गेलं असतं.

दुसरा लेक्टिन मार्ग. इथे अँटिबॉडीची गरज नसते. जंतूंच्या पृष्ठभागावर मॅनोजसारख्या शर्करा विशिष्ट मांडणीत असतात. मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन आणि फिकोलिन ही प्रथिनं त्या मांडणीला धरतात आणि पुढची साखळी सुरू करतात.

तिसऱ्याला अल्टर्नेटिव्ह मार्ग म्हणतात, आणि सर्वांत थक्क करणारा हाच. याला कुणी सुरू करावं लागत नाही. रक्तातल्या सी३ चे रेणू पाण्याशी अभिक्रिया होऊन आपोआप, संथपणे सक्रिय होत राहतात. अँटिबॉडीशिवायही कॉम्प्लिमेंट सुरू होतं, हे लुई पिलेमर यांनी १९५४ मध्ये प्रोपर्डिनच्या शोधासह मांडलं, तेव्हा अनेकांनी ते नाकारलं. सीरममध्ये अँटिबॉडीचा अंश राहिला असेल, असा आक्षेप होता. पिलेमर १९५७ मध्ये वारले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे पुढच्या काही दशकांत सिद्ध झालं. हा मार्ग पाठ्यपुस्तकात तिसऱ्या क्रमांकावर येतो, पण उत्क्रांतीच्या दृष्टीने तो फार जुना आहे. सी३ सारखी प्रथिनं सागरी अर्चिनमध्येही सापडतात, आणि त्यांच्याकडे अँटिबॉडी नसतातच.

तिन्ही मार्ग सी३ पाशीच का येतात?

कारण सगळं काम सी३ च्या पोटात दडलेल्या एका रासायनिक बंधावर अवलंबून आहे. थायोएस्टर असं त्याचं नाव. सी३ अखंड असताना हा बंध आत झाकलेला असतो. सी३ए हा छोटा तुकडा कापला गेला की उरलेल्या सी३बी चा आकार बदलतो आणि तो बंध उघडा पडतो. हवेत येताच सुकणाऱ्या डिंकासारखी त्याची गत असते. सेकंदाच्या अत्यल्प भागात एखादा पृष्ठभाग मिळाला तर तो कायमचा चिकटतो, नाहीतर पाण्याशी अभिक्रिया होऊन वाया जातो. म्हणून जिथे सी३ कापलं जातं तिथेच, त्याच जंतूवर खूण पडते.

एक सी३बी चिकटला की गोष्ट तिथे थांबत नाही. त्याला फॅक्टर बी येऊन जोडला जातो, फॅक्टर डी तो कापतो, आणि सी३बीबीबी नावाचं एन्झाइम तयार होतं. त्याचं काम आणखी सी३ कापणं. म्हणजे सी३बी पासून एन्झाइम आणि एन्झाइमपासून पुन्हा सी३बी, असं हे वाढतच जातं. हे एन्झाइम एरवी दीडेक मिनिटात निम्मं विस्कटतं. प्रोपर्डिन त्याला आधार देऊन त्याचं आयुष्य कित्येक पट वाढवतं. सुरुवात अँटिबॉडीने झाली असली तरी जंतूवर शेवटी जमा होणाऱ्या सी३बी चा मोठा हिस्सा या वाढीतूनच येतो.

मग हे आपल्याच पेशींना का मारत नाही?

वाढत जाणारी अभिक्रिया रक्तात सोडली आणि तिला लगाम नसला तर ती काही तासांत सगळं सी३ खाऊन टाकते. फॅक्टर एच किंवा फॅक्टर आय जन्मतः पूर्ण नसलेल्या माणसांत खरोखर तसंच होतं. त्यांचं सी३ सतत खर्च होऊन जवळजवळ संपलेलं असतं.

आपल्या पेशींचं रक्षण थरांमध्ये होतं. रक्तातला फॅक्टर एच पेशीच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्लाला आणि इतर ऋणभारित शर्करांना ओळखतो. तिथे बसलेला सी३बी सापडला की फॅक्टर बीला दूर ठेवतो, आणि फॅक्टर आयला तो सी३बी कापून निकामी करायला मदत करतो. पेशीच्या पटलावर सीडी५५ असतं, ते तयार झालेलं एन्झाइम विस्कटून टाकतं. सीडी४६ हे फॅक्टर आयला साथ देतं. हे सगळं चुकवून साखळी शेवटापर्यंत पोहोचलीच, तर सीडी५९ शेवटचं भोक पूर्ण होऊ देत नाही. क्लासिकल मार्गाच्या तोंडाशी सी१ इनहिबिटर बसलेला असतो तो वेगळाच.

बहुतेक जंतूंकडे यातलं काहीच नसतं. म्हणजे अल्टर्नेटिव्ह मार्ग परक्याला परका म्हणून ओळखत नाही. आपलेपणाची खूण ज्याच्यापाशी नाही, त्याच्यावर तो वाढत जातो.

जंतू भोक पडूनच मरतात ना?

फक्त काही जंतू. सी५बी, सी६, सी७, सी८ आणि सी९ चे अठरापर्यंत रेणू मिळून जी नळी बनते, तिला मेम्ब्रेन अटॅक कॉम्प्लेक्स म्हणतात. तिच्या आतला व्यास सुमारे १० नॅनोमीटर असतो. चित्रात ती देखणी दिसते, त्यामुळे कॉम्प्लिमेंट म्हणजे हीच नळी असा समज पक्का होतो. पण ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूंची जाड भिंत ती पार करू शकत नाही. न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस तिला दाद देत नाहीत. तिचा खरा उपयोग दिसतो तो नायसेरिया गटातल्या जीवाणूंविरुद्ध, मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस त्यातलाच.

बाकी बहुतेक जीवाणूंच्या बाबतीत निर्णायक ठरते ती सी३बी ची खूण. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांच्यावर सी३बी आणि त्याचे तुकडे धरणारे ग्राहक रेणू असतात. नुसत्या गुळगुळीत आवरणाच्या न्यूमोकॉकसला गिळणं त्यांना जड जातं. तोच सी३बी ने मढलेला असला की ते त्याला पकडून गिळतात. जन्मतः सी३ नसलेल्या मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात आणि सी९ नसलेली बरीच माणसं आयुष्यभर धडधाकट राहतात, यावरून कुणाचं वजन किती ते कळतं.

सूज येण्याशी याचा काय संबंध?

कापले गेलेले छोटे तुकडे, सी३ए आणि विशेषतः सी५ए, दूरवर पसरतात. मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरतात, न्यूट्रोफिल त्या जागेकडे सरकतात. संसर्गाच्या जागी हे हवंच असतं. संपूर्ण शरीरात एकदम झालं, जसं तीव्र सेप्सिसमध्ये होतं, तर तेच घातक ठरतं.

अँटिबॉडी तयार होण्यात याचा काही वाटा आहे का?

आहे, आणि तो मोठा आहे. प्रतिजनावर, म्हणजे ज्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते त्या पदार्थावर, चिकटलेल्या सी३ चा सी३डी हा शेवटचा तुकडा अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीवरच्या सीआर२ या ग्राहकाला जोडला जातो, आणि त्या पेशीला सक्रिय व्हायला फार कमी प्रतिजन पुरतं. १९९६ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात प्रतिजनाला सी३डी च्या तीन प्रती जोडल्यावर ते दहा हजार पटींनी कमी मात्रेतही परिणामकारक ठरलं. एप्स्टाइन-बार विषाणू बी पेशीत शिरतो तो याच सीआर२ ला धरून.

जंतू यातून निसटतात कसे?

सगळ्यात यशस्वी युक्ती म्हणजे आपलीच नियंत्रक प्रथिनं पळवणं. मेंदूज्वर घडवणारा मेनिंगोकॉकस आपल्या पृष्ठभागावर माणसाचा फॅक्टर एच पकडून बसवतो आणि स्वतः सुरक्षित राहतो. ज्या प्रथिनाने तो हे साधतो तेच प्रथिन आता मेनिंगोकॉकस बी विरुद्धच्या लशींमध्ये वापरलं जातं. त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की फॅक्टर एचला बसायला जागा मिळणं अवघड होतं. घशाचा संसर्ग करणारा स्ट्रेप्टोकॉकस एम प्रथिनाने असंच करतो, शिवाय सी५ए कापून टाकणारं एन्झाइमही सोडतो. एचआयव्ही पेशीतून बाहेर पडताना तिच्या पटलासोबत सीडी५९ घेऊन निघतो.

कॉम्प्लिमेंटची जन्मजात कमतरता असली तर काय होतं?

कोणता घटक नाही त्यावर ठरतं. सी३ नसेल तर लहानपणापासून गंभीर संसर्ग. सी५ ते सी९ पैकी एखादा नसेल तर इतर संसर्ग फारसे नाहीत, पण मेनिंगोकॉकसचा मेंदूज्वर किंवा रक्तातला संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो. हा आजार एकाच माणसाला दुसऱ्यांदा झाला किंवा कुटुंबात अनेकांना झाला, तर कॉम्प्लिमेंटची तपासणी करायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. एक साधी रक्ततपासणी पुढचा झटका टाळायची संधी देते. प्रोपर्डिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे त्याची कमतरता मुलग्यांत दिसते. मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन मात्र पुष्कळ लोकांत कमी असतं आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

घटक कमी असूनही ल्युपस होतो, हे उलटं नाही का?

हा प्रश्न फार मोलाचा आहे. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, मग कॉम्प्लिमेंट कमी असेल तर आजार सौम्य हवा, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात जन्मतः सी१क्यू नसलेल्या बहुसंख्य व्यक्तींना ल्युपससारखा आजार होतो.

शरीरात दररोज असंख्य पेशी मरतात. सी१क्यू त्यांच्या अवशेषांना धरतं आणि भक्षक पेशी ते गाजावाजा न होता उचलतात. हे थांबलं की पेशीच्या केंद्रकातली द्रव्यं उघड्यावर पडून राहतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. दुसरं म्हणजे, प्रतिजन आणि अँटिबॉडी यांचे गोळे रक्तात तयार होतच असतात. त्यांच्यावर सी३बी चढला की तांबड्या पेशी आपल्या सीआर१ या ग्राहकाने ते धरून यकृत आणि प्लीहेकडे नेतात, तिथे ते उतरवले जातात. सुरुवातीचे घटक नसले तर हे गोळे मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचतात. सफाई हे कॉम्प्लिमेंटचं कमी बोललं जाणारं, पण रोजचं काम आहे.

नियंत्रक प्रथिनं बिघडली तर कोणते आजार होतात?

पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत पीआयजीए जनुकात बदल होतो. हा बदल आनुवंशिक नसतो, आयुष्यात नंतर घडतो. त्या मूळपेशीपासून बनणाऱ्या तांबड्या पेशींना सीडी५५ आणि सीडी५९ पटलावर अडकवताच येत नाहीत. मग कुठलाही संसर्ग नसताना आपलंच कॉम्प्लिमेंट त्यांना फोडत राहतं. सकाळी गडद लघवी, थकवा, रक्ताच्या गुठळ्या ही त्याची लक्षणं.

एटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोममध्ये फॅक्टर एच, फॅक्टर आय किंवा सीडी४६ मधल्या दोषामुळे मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सुरक्षित राहत नाही. तिथे गुठळ्या होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागतं. वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाच्या, ऱ्हासाचा संबंधही इथेच निघाला. २००५ मध्ये अनेक संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की, फॅक्टर एचमधल्या ४०२ व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाच्या फरकाने हा धोका लक्षणीय वाढतो. डोळ्यांच्या या आजाराचं मूळ कॉम्प्लिमेंटमध्ये असेल, अशी त्याआधी फार थोड्यांना शंका होती.

हेरिडिटरी अँजिओएडिमा ही ॲलर्जी आहे का?

नाही, आणि हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. यात सी१ इनहिबिटर कमी किंवा सदोष असतो. तो कॅलिक्राइन या एन्झाइमलाही आवरतो. तो नसला की ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या पाझरवणारं द्रव्य वाढतं आणि चेहरा, हात, आतडी किंवा स्वरयंत्र सुजतं. अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत, खाज नसते. सूज हिस्टामिनमुळे नसल्याने अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड आणि अॅड्रेनालिन यांचा भरवसा धरता येत नाही. सी१ इनहिबिटरचं इंजेक्शन किंवा आयकॅटिबँटसारखं औषध लागतं. पालकांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. घशात सूज आली तर वाट न बघता तातडीच्या विभागात जा आणि आजाराचं नाव स्पष्ट सांगा.

रिपोर्टमध्ये सी३ किंवा सी४ कमी आलं आहे. याचा अर्थ काय?

साधारणपणे सी३ ९० ते १८० आणि सी४ १० ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो. एकट्या आकड्यापेक्षा दोघांची जोडी पाहावी. दोन्ही कमी असतील तर क्लासिकल मार्गात खर्च होत असावा, जसा सक्रिय ल्युपसमध्ये होतो. सी३ कमी आणि सी४ ठीक असेल तर अल्टर्नेटिव्ह मार्गाचा विचार करतात. स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर मुलांच्या मूत्रपिंडांना येणाऱ्या सुजेत असंच दिसतं, आणि सी३ बहुधा सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतं. तसं झालं नाही तर दुसरं कारण शोधावं लागतं. फक्त सी४ कमी असेल तर हेरिडिटरी अँजिओएडिमा मनात यायला हवा.

कॉम्प्लिमेंट यकृतात बनत असल्याने यकृताच्या गंभीर आजारातही ते घटतं. उलट, शरीरात दाह असताना सी३ ची निर्मिती वाढते, त्यामुळे खर्च चालू असूनही आकडा सामान्य दिसू शकतो.

सीएच५० ही तपासणी पूर्ण साखळी चालते का ते पाहते. ती जवळजवळ शून्य आली आणि सी३, सी४ मात्र ठीक असले, तर एखादा घटक मुळातच नाही किंवा नमुना नीट हाताळला गेला नाही, या दोन शक्यता उरतात. हे घटक उबेत टिकत नाहीत, म्हणून निदानाआधी तपासणी पुन्हा करून घ्यावी.

कॉम्प्लिमेंट वाढवण्यासाठी काही घेता येतं का?

निरोगी माणसात ते वाढवायची गरज नाही, आणि तसं करणारं सिद्ध झालेलं कोणतंही पूरक औषध नाही.

आणि रोखण्यासाठी?

तिथे मोठी प्रगती झाली आहे. एक्युलिझुमॅब हे सी५ ला धरून ते कापलं जाऊ न देणारं औषध २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि हिमोग्लोबिन्युरियाच्या रुग्णांचं आयुष्य पालटलं. पण सी५ च्या आधीची साखळी चालूच राहते. काही रुग्णांच्या तांबड्या पेशींवर सी३बी चढत जातो आणि यकृत व प्लीहा त्यांना उचलतात. म्हणून सी३ लाच अडवणारं पेगसेटाकोप्लॅन २०२१ मध्ये आणि फॅक्टर बीला अडवणारं तोंडाने घ्यायचं इप्टाकोपॅन २०२३ मध्ये आलं.

ही औषधं घेताना कोणती काळजी घ्यावी?

सी५ अडवलं की माणूस जन्मतः तो घटक नसलेल्यांच्या पंगतीत जातो. मेनिंगोकॉकसच्या संसर्गाचा धोका सर्वसामान्यांच्या हजार पटींहून अधिक होतो. म्हणून औषध सुरू करण्याच्या किमान दोन आठवडे आधी मेनिंगोकॉकसविरुद्ध लस देतात. तातडीने सुरू करावं लागलं तर लशीसोबत प्रतिजैविकांचं संरक्षण देतात. सी३ अडवणाऱ्या औषधांत न्यूमोकॉकसच्या लशीचाही विचार करावा लागतो.

लस घेतल्यानेही धोका पूर्ण जात नाही, कारण लशीने तयार झालेल्या अँटिबॉडीला जंतू फोडण्यासाठी जे कॉम्प्लिमेंट लागतं तेच इथे बंद केलेलं असतं. ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं किंवा अंगावर जांभळट ठिपके, यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. औषधाची माहिती असलेलं कार्ड कायम जवळ ठेवा आणि रुग्णालयात पोहोचताच, कुणी विचारण्याआधी, ते दाखवा.